ईयोबाची पहिली दहा मुलं

कोल्हापूर,
ता. ८ जानेवारी १९०३

ती. पिराजीदादा यांस धाकट्या झुंबरचा सप्रेम सलाम. वि. वि.

ख्वाजाच्या गाडीतून गुळाची ढेप पाठवली आहे. तुमच्यासारख्या पाळकाने जिभेवर ताबा ठेवावा असं तुमच्याच उपदेशात ऐकलं होतं, म्हणून लहानशीच घेतली.

दादा, मी फार दमले आहे. प्लेगच्या साथीमुळे कसबा बावड्याची माणसं रानात झोपड्या घालून राहिली आहेत. मिशनची बायबलबाई म्हणून मी रोज तिथवर चालत जाते, शास्त्रातल्या गोष्टी सांगते, कुणाला पेज करून घालते आणि परत येते. पायांचं तर विचारूच नका.

तिथे बायडाबाई म्हणून एक आहे. तिची तिन्ही मुलं याच साथीत गेली. मी तिला ईयोबाची गोष्ट सांगितली. त्याची दहा मुलं एका दिवसात मेली, तरी त्याने देवाला सोडलं नाही, आणि शेवटी देवाने पुन्हा दहा दिली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, की नवी दिली ते ऱ्हाऊ दे बाई, पर पयली दहा कुठं गेली ते न्हाई सांगितलंसा.

इतकी वर्षं ही गोष्ट सांगते आहे, पण असं कुणी विचारलं नव्हतं. मग जे मनात होतं तेच बोलले. म्हटलं, हा ईयोब खरोखर होऊन गेला असं मला वाटत नाही. कुणातरी दुखावलेल्या माणसाने देवाशी भांडण मांडायला ही गोष्ट रचली. भांडण अगदी खरं लिहिलं, पण शेवटाला येईपर्यंत तो थकला. समाचाराला गेलेला माणूस काहीतरी बोलायचं म्हणून बोलतो, तसा तो शेवट आहे. देव त्या भांडणात आहे, शेवटात नाही. मुलं गेल्यापासून बायडाबाईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तेव्हा ती रडली.

हे मंडळीच्या पंचांच्या कानावर गेलं. शास्त्रातला शब्द न् शब्द जसाच्या तसा घडला आहे असं लिहून सही कर, नाहीतर काम सोड आणि मंडळीबरोबर प्रभुभोजनाची भाकर घ्यायलाही बसू नकोस, असं त्यांचं म्हणणं आहे. काम गेलं तर शिवण शिवीन. पण प्रभूच्या मेजावरून मी कधी उठलेले नाही, हे गेले तेव्हासुद्धा नाही. सही करू का, तेवढं कळवा.

वहिनींना सलाम, बाळाचा मुका घ्या. तुमचा लोभ आजवर पुरला, पुढेही पुरेल असं धरून चालते.

तुमची,
झुंबर


गगनबावडा,
ता. १५ जानेवारी १९०३

चि. झुंबर हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

ढेप पोचली. लहान नव्हती, आता झाली आहे. इथे दमट इतकं, की उरलेली पाझरायला लागली.

सही कर. मी रागावून लिहीत नाही, रागवायलाही आता जोर लागतो. तू एकटी बाई, मंडळीबाहेर तुला कोण आहे? आणि एक वीट काढली तर भिंत कुठवर उभी राहील, याची मला भीती वाटते. आमची लेक मार्था गेली तेव्हा मी ईयोबाचा हाच शेवटचा अध्याय धरून उभा राहिलो. दोन वर्षांनी बाळ झालं, त्याच्या बाप्तिस्म्याला याच अध्यायावर उपदेश केला, देवाने परत दिलं म्हणून. लोकांनी फार वाखाणला. तुझ्या वहिनीला, चिमणाबाईला, मात्र तो ऐकायला मिळाला नाही. बाळ मध्येच रडायला लागलं आणि ती उठून बाहेर गेली, याची मला अजून हळहळ वाटते.

ती बरी आहे. बोलते कमी. प्रभुभोजनाच्या दिवशी तिचं हटकून डोकं दुखतं. तुझं पत्र तिच्यापर्यंत जाऊ दिलेलं नाही.

सही केल्याचं कळव. तुझ्यावर जीव आहे म्हणूनच इतकं लिहिलं, हे विसरू नकोस.

तुझा दादा,
पिराजी


कोल्हापूर,
ता. २६ जानेवारी १९०३

ती. दादा यांस झुंबरचा सलाम. वि. वि.

तुमच्या सांगण्याप्रमाणे सही करायला गेले होते. कागद समोर होता, टाक शाईत बुडवला होता. दारातून पाहिलं, तर बायडाबाई पायरीवर बसलेली. माझं काय ठरतं ते बघायला कसबा बावड्याच्या रानातून चालत आली होती. तिला वाचता येत नाही. मी काय लिहिलं ते तिने मलाच विचारलं असतं.

टाक खाली ठेवला. काम गेलं. काल मंडळी मेजाकडे गेली आणि मी मागच्या बाकावर बसून राहिले. दादा, मला फार लागलं. तुमचं ऐकलं नाही याची माफी करा.

वहिनींना मार्थाची आठवण मीही काढते, असं सांगा. रागावलात तरी मला आपली म्हणत राहा.

झुंबर


गगनबावडा,
ता. ३ फेब्रुवारी १९०३

चि. झुंबर हिस आशीर्वाद. वि. वि.

तुझं दुसरं पत्र आलं तेव्हा मी घरी नव्हतो. चिमणाबाईने ते वाचलं आणि पहिलं शोधून काढलं. मी परतलो तर दोन्ही मांडीवर घेऊन बसली होती.

तिने मला विचारलं, की मार्था कुठं गेली ते तुमी मला एकदा तरी सांगितलंसा का. तीन वर्षांत तिने मुलीचं नाव घेतलं नव्हतं. मी घेऊ दिलं नव्हतं, असं आता वाटतं. मग तिने आणखी एक सांगितलं. बाप्तिस्म्याच्या दिवशी बाळ आपण होऊन रडलं नव्हतं. देवाने परत दिलं असं मी म्हणालो, तेव्हा तिथून उठून जाता यावं म्हणून तिनेच त्याला चिमटा काढला होता.

तो उपदेश मी आज फाडला. ईयोब होऊन गेला की नाही ते मला अजून ठरवता येत नाही. माझी मुलगी होऊन गेली, एवढं कळतं. तुझ्या पंचांना मी काय करणार ते कळवलं आहे. यात माझी पाळकाची जागा जाईलही. जाऊ दे.

चिमणाबाईला तुझ्या तोंडून ती गोष्ट ऐकायची आहे. ख्वाजाची गाडी शुक्रवारी तिथून निघते. त्याला सांगून ठेवलं आहे, लोकरीचं काहीतरी अंगावर घे. बायडाबाईला यावंसं वाटलं तर तिलाही आण. माझा जीव तुझ्यावर होता तसाच आहे, जरा उशिरा जागा झाला इतकंच.

रविवारी इथे प्रभुभोजन आहे. चिमणाबाई बसणार आहे. तूही बस. इथे भाकर मोडून देणारा मीच आहे.

तुझा दादा,
पिराजी