फुटरेस्ट दीड इंच खाली घेतल्याची हकीकत

मोहने,
शनिवार

आदरणीय साडूभाऊ दौलतराव यांस,
भगवानचा सप्रेम जय भीम.

रंगूअक्कांनाही जय भीम सांगावा. इकडे आम्ही ठीक आहोत, म्हणजे रंभा ठीक आहे आणि मी आपला आहे. पत्राला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला, रंभा एकटी ठाण्याला येऊन भेटून गेली, आणि मी ना आलो ना दोन ओळी लिहिल्या. तुम्ही मनात मला काय म्हणाला असाल ते मी इथे बसून तुमच्या वतीने रोज स्वतःला म्हणतो आहे. डोळा आता कसा आहे? पाणी येतं का? थेंब वेळेवर घालता ना? अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे, तेव्हा हे पत्र तुमचं तुम्हीच वाचावं. दिसत नसेल तर दोन दिवस थांबावं, पण अक्कांकडून वाचून घेऊ नये, कारण अक्कांनी सकाळी वाचलेलं रंभाला संध्याकाळी कळलेलं असतं. (फोन याच भीतीने केला नाही. आमच्या घरात फोन एक, आणि तो रंभा स्पीकरवर टाकून भाजी निवडते.)

न येण्याचं कारण सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल. मला गाडीवरून उतरता येत नव्हतं. आजारपण नव्हे, अंगात ताकद होती, पण उतरता येत नव्हतं. कसं ते पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल भगवान म्हातारा झाला. झालोच आहे, एकाहत्तर पूर्ण झाली, पण त्याचा याच्याशी संबंध नाही.

आमच्या सम्यकने कार घेतली हे तुम्हाला ठाऊक आहेच. घोडबंदर रोडला राहतो, तिथेच ऑफिस, तेव्हा पोराला कार हवी. कार आली त्या रविवारी तो स्वतःची मोटरसायकल घेऊन इकडे आला आणि चावी माझ्या हातावर ठेवून म्हणाला, बाबा, ही आता तुमची. तुमची ती जुनी द्या काढून, किती दिवस ढकलणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (रंभा म्हणते धूळ गेली असेल. धूळ नव्हती.) माझी जुनी गाडी काढून टाकली आणि नवीवर बसलो. बसलो आणि उठलो. परत बसलो. मला वाटलं माझं काहीतरी चुकतंय. या तरुण मुलांच्या गाड्यांना फुटरेस्ट इतके उंच आणि इतके मागे असतात की माणूस हँडल धरून पुढे वाकतो आणि पाय मागे कुठेतरी दुमडून ठेवतो. जुन्या गाडीवर मी खुर्चीत बसल्यासारखा बसायचो. हिच्यावर विहिरीत डोकावणाऱ्या बेडकासारखा दिसत होतो. माझा उजवा गुडघा कंपनीत असतानाच बिघडलेला, तो वीस मिनिटं दुमडला की सरळ व्हायला पुढची चाळीस मिनिटं घेतो.

पण सम्यकला सांगणार कसं? दर रविवारी त्याचा फोन, बाबा, गाडी कशी चालते? मी म्हणायचो, मस्त. दुसरं काही म्हटलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं हे एक, आणि दुसरं म्हणजे तो लगेच म्हणाला असता, झालं तर मग, बाबा, आता गाडी बंद करा, रिक्षाने फिरा. आणि तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. घरात दोन तास बसलो की माझ्या अंगाला मुंग्या येतात. कंपनीतून सुटल्यापासून मी रोज सकाळी गाडी काढतो, टिटवाळ्याला नाहीतर कल्याणला जातो, एक चहा घेतो आणि परत येतो. तिकडे जाऊन काय करता, असं रंभा विचारते. काही नाही करत. जातो आणि येतो. ते जर बंद झालं तर मी काय करीन हा विचार मनात आला की झोपेतही पाय हलतात.

एकदा शहाडच्या पुलाखाली सिग्नलला थांबलो, पाय टेकवायला गेलो तर पोटरीत असा गोळा आला की पाय खालीच येईना. गाडी डावीकडे कलली, मी तिच्याबरोबर कललो, आणि शेजारच्या रिक्षाला टेकून उभा राहिलो. रिक्षावाल्याने बाहेर हात काढून माझा खांदा धरला आणि शांतपणे विचारलं, काका, आत येताय का तिकडंच बरं हाय? सिग्नल सुटेपर्यंत त्याने मला तसंच धरलं. मागचे हॉर्न वाजवत होते तर त्यांनाही म्हणाला, अरे थांबा रे, पॅशिंजर आहे माझा. भला माणूस.

(आता मधे उठून खाली जाऊन आलो. गाडी जागेवर आहे. लिहिताना सारखं वाटतं की कुणी हात लावला.)

तर मी ठरवलं, गाडी तीच ठेवायची पण फुटरेस्ट खाली घ्यायचे, आणि सम्यकला कळू द्यायचं नाही. किती खाली घ्यायचे? मी सातवी शिकलो आहे, पण माप घेतल्याशिवाय हातोडी उचलायची नाही एवढं कंपनीने शिकवलं. सोफ्याच्या हातावर दोन्हीकडे पाय सोडून बसलो, हँडल म्हणून लाटणं धरलं, पायाखाली दोन बाजूंना दोन पाट आणि त्यावर वर्तमानपत्रांची रद्दी ठेवली. मग एकेक अंक काढत जायचं, गुडघा शांत झाला की थांबायचं आणि पट्टीने मोजायचं. पद्धत बरोबर होती. फक्त दार उघडं होतं. शेजारच्या दर्शनाताई विहाराच्या कार्यक्रमाची वर्गणी मागायला आल्या त्या दारातच थिजल्या. मी पुढे वाकलेलो, हातात लाटणं, तोंडाने थोडा गाडीचा आवाजही चालू असेल, आता आठवत नाही. रंभा आतून आली, तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दर्शनाताईंना म्हणाली, गुडघ्याचा व्यायाम आहे, डॉक्टरांनी सांगितलाय. दुसऱ्या दिवशी चाळीतले दोघेजण मला विचारायला आले की लाटणं कोणत्या लाकडाचं लागतं.

माप आलं दीड इंच. ते कागदावर लिहून मी ठाण्याला, गाड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो. (तेव्हा तुमच्याकडे यायला हवं होतं, पण तेव्हा ऑपरेशन व्हायचं होतं आणि माझा गुडघा बोलत होता.) दाढीवाला दुकानदार होता, वयाने सम्यकएवढा. त्याने काचेवर एवढे फुटरेस्ट मांडले की मला सोनाराकडे आल्यासारखं झालं. लाल, सोनेरी, दात असलेले, रबराचे, घडी होणारे. मग विचारतो, काका, वळणावर गाडी किती झोपवता? मी म्हटलं, झोपवायला कशाला जाईन, तिला उभी ठेवता ठेवता माझा जीव जातो. तो म्हणाला तसं नाही, फुटरेस्ट जितके खाली तितके ते वळताना रस्त्याला घासतात, म्हणून विचारलं. शेवटी त्याने तीन भोकांचे दाखवले. वरच्या भोकात लावले तर एक इंच खाली, मधल्यात दीड, शेवटच्यात दोन. किंमत तीच. आता दौलतराव, तुम्हीच सांगा, खिशात दीड इंचाचा कागद असताना माणसाने काय करावं? पण पैसे तेवढेच देऊन अर्धा इंच सोडून द्यायचा, हे माझ्याने होईना. मी आमच्या मोहन्याच्या देवेश मेकॅनिकला सांगितलं, शेवटच्या भोकात लाव. देवेश म्हणाला, काका, जास्ती होईल. मी म्हटलं, पैसे दिलेत.

त्याने लावले. मी बसलो. पाय असे सरळ खाली गेले की मला वाटलं जमिनीलाच लागले. सुखाने डोळे मिटले. मग गाडी चालू केली आणि पहिला गिअर टाकला. दुसरा टाकायला पाय उचलला तर गिअर वर, माझा पाय खाली, मधे सगळी हवा. पाय खाली गेले होते, गिअर आणि ब्रेक मात्र जुन्याच जागी होते, ही गोष्ट ना मला सुचली ना देवेशला. (त्याला सुचली होती. पण मी पैसे दिलेत म्हणाल्यावर तो गप्प बसला, असं त्याने नंतर सांगितलं.) आंबिवलीपर्यंत पहिल्या गिअरमध्ये गेलो. मागे रांग. इंजिन असं ओरडत होतं की लोक घराबाहेर येऊन बघत होते. नाक्यावर वळलो तर खालून खर्रर्र आवाज, आणि एक बाई ओरडली, ओ काका, तुमचं काहीतरी पडलं! मी परत फिरलो, शोधलं, काही नाही. फिरताना पुन्हा खर्रर्र, पुन्हा ती बाई, पुन्हा मी शोधायला. तिसऱ्यांदा मला समजलं की पडत काहीच नाही, फुटरेस्ट घासतो आहे. त्या बाईला मात्र शेवटपर्यंत पटलं नाही, ती पिशवी खाली ठेवून शोधत होती.

आणि मग घरी आलो आणि उतरायची वेळ आली. पायाने साईड स्टँड ओढला, तो अर्ध्यात येऊन डाव्या फुटरेस्टला अडकला. मधला स्टँड या गाडीला नाहीच. आता गाडी सोडली तर पडणार, धरून ठेवली तर मी उतरणार कसा? चाळीसमोर चार फेऱ्या मारल्या, कुठे टेकवायला भिंत मिळते का बघत. जिथे भिंत होती तिथे दुसऱ्याची गाडी. शेवटी खालून हॉर्न वाजवून रंभाला बोलावलं. तिने येऊन हँडल धरलं, मी उतरलो, मग मी धरलं आणि ती म्हणाली, आता रात्रभर असंच उभं राहायचं का? शेवटी दोघांनी ढकलत नेऊन गाडी जिन्याच्या कठड्याला टेकवली आणि दोरीने बांधली. पुढचे कितीतरी दिवस देवेशला वेळ नव्हता, आणि त्याच दिवसांत तुमचं ऑपरेशन झालं. तुमच्या बिल्डिंगखाली येऊन मी फेऱ्या मारत राहिलो असतो, अक्कांना खाली बोलवावं लागलं असतं. म्हणून आलो नाही. आता पटलं ना?

शेवटी देवेशने मधल्या भोकात लावले. दीड इंच, माझ्या कागदाप्रमाणे. गिअर आणि ब्रेक तेवढेच खाली घेतले, स्टँडला पायाने ओढायचं जे बोट असतं ते थोडं वाकवलं. त्या दिवशी टिटवाळ्याला गेलो, परत येताना थांबलोच नाही, तसाच कल्याणला गेलो, तिथून परत. घरी येऊन जिना चढलो तेव्हा लक्षात आलं की गुडघ्याची आठवणच झाली नाही. किती वर्षांनी असं झालं असेल, दौलतराव. मी खिडकीत उभा राहून गाडीकडे बराच वेळ बघत होतो. रंभाने चहा तिथे खिडकीतच आणून दिला, म्हणजे तिलाही बरं वाटलं असणार.

सगळं क्षेम आहे. डोळ्याला जपावं. काही काम असल्यास कळवावं, आता मी गाडीने केव्हाही येऊ शकतो.

तुमचा,
भगवान

ता. क. (सोमवार) — पाकिटाला डिंक मिळाला नाही म्हणून पत्र राहिलं, आणि मधे काल सम्यक आला. घोडबंदरहून कारने अडीच तास लागले म्हणून चिडलेला. म्हणाला, बाबा, जरा चावी द्या, चक्कर मारून येतो. मी नको म्हणायच्या आत गेला. दहा मिनिटांत येईल म्हटलं, तो दीड तासाने आला. चेहरा असा खुललेला. म्हणाला, बाबा, हिला काय केलंत तुम्ही? मी घाबरून सगळं सांगितलं. तर तो हसत सुटला. म्हणाला, माझेही गुडघे दुखायचे हो हिच्यावर, पाठ तर गेलीच होती, म्हणून तर तुम्हाला दिली. मला वाटलं तुमची उंची कमी आहे, तुम्हाला चालेल. (चार महिने मी या मुलाचं मन राखण्यासाठी बेडूक झालो होतो.) आणि पुढे म्हणतो, कारने ऑफिसला जायचं म्हणजे आमच्या रोडवर नुसतं बसून राहायचं. आता ही एवढी मस्त झालीय तर मीच नेऊ का परत? तुम्हाला तसं कुठे जायचं असतं? मी म्हटलं, ने की, तुझीच आहे. येत्या रविवारी न्यायला येतो आहे.

ता. क. २ — खरं काम आता लिहितो. रंभा तुमच्याकडे आली तेव्हा तिच्या पिशवीत तळाला टॉवेलात गुंडाळलेलं एक जड पुडकं होतं. त्यातच अक्कांच्या नावाने मी चिठ्ठी खोचली होती की उघडू नका, माळ्यावर ठेवा. त्यात या गाडीचे जुने उंच फुटरेस्ट आहेत. (इथे ठेवले असते तर भंगारात गेले असते.) ते शनिवारच्या आत पाठवावेत. देवेश अर्ध्या तासात बसवून देईल. रविवारी सम्यक कल्याणच्या खाडीपर्यंत जरी गेला तरी परत येऊन चावी माझ्या हातावर ठेवील.

ता. क. ३ — मी खाली गाडी बघायला गेलो तेवढ्यात रंभाने हे सगळं वाचलं. ती म्हणते, पोराची पाठ दुखवण्यापेक्षा त्याला सरळ सांगा ना, गाडी मला लागते म्हणून. तोंड नाही का? मी म्हटलं, कंपनीत बत्तीस वर्षं साहेबाला कधी नाही म्हटलं नाही, ते आता पोटच्या मुलाला म्हणू? ती म्हणाली, मग काय, साडूंना म्हणायला लावाल? मी नाही म्हणालो, पण विचार केला तर ते बरं आहे. तुम्ही मोठे, तुमचं तो ऐकतो. तुम्ही त्याला फोन करावा, भगवानला गाडी रोज लागते, त्याच्याकडेच राहू दे, एवढं बोलावं आणि ठेवून द्यावा. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, त्यामुळे तो काय म्हणतो त्याचा तुम्हाला त्रास होणार नाही.

मात्र दोनपैकी एकच करावं. तुम्ही फोनही केला आणि पुडकंही पाठवलं, तर देवेश ते बसवून मोकळा होईल, सम्यक गाडी माझ्याकडेच ठेवून जाईल, आणि मी पुन्हा शहाडच्या पुलाखाली कुणाच्या तरी रिक्षाला टेकलेला असेन. तेव्हा काय करताय ते आधी कळवावं. लवकर कळवावं. आजपासून मी पोस्टमनच्या वेळेला खालीच उभा राहणार आहे. गाडी पुसून ठेवली आहे, कुणासाठी पुसली ते मात्र तुमचं उत्तर आल्यावरच मला समजेल.