जे झालं तेच लिहायचं

सोलापूर, २३ फेब्रुवारी

तीर्थरूप निंगव्वा आत्या यांच्या चरणी गुरूचे शरणु शरणार्थी.

तुमचा गुडघा आणि मामांचा ट्रॅक्टर, दोघंही सकाळी वेळेवर उठतात ना? मागे मैंदर्गीला आलो होतो तेव्हा दोघांनाही हात द्यावा लागत होता. इथे आम्ही सुखरूप आहोत. तुमची शेंगाचटणी पाडव्यापर्यंत पुरवायची असं काव्याने ठरवलं होतं, पण रविवारी ती माहेरी गेली आणि चटणी व मी घरात दोघंच उरलो, त्यामुळे तो बेत फसला. नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं, पण येतं. मी खुशीत आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण काही बिघडल्याशिवाय गुरु पत्र लिहीत नाही, असं तुम्ही चारचौघांत सांगत असता. (फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मधेच "जेवलास का" विचारता आणि माझं मूळ बोलणं राहून जातं.)

तर आनंदाची बातमी अशी की मी नववीच्या मुलांसाठी रसायनशास्त्राचा नवा अभ्यासक्रम तयार केला आहे. बोर्डाचं पुस्तक आहे तिथेच आहे, त्याला कोण हात लावणार? पण येत्या जूनपासून दर शनिवारचे दोन तास माझे असावेत आणि त्यात मुलांनी घरातल्याच वस्तूंवर प्रयोग करावेत, अशी माझी योजना होती. पापडखार, चिंच, चुना, हळद, चादरीचा रंग. हे डोक्यात का आलं ते सांगतो. आमच्या शाळेत प्रयोगवही ही करायची वस्तू नसून उतरवायची वस्तू आहे. मोठ्या बहिणीची वही धाकटीकडे येते, तिच्याकडून शेजारच्या गल्लीत जाते. दिवाळीनंतर वह्या तपासायला बसलो, तर ऑक्सिजनच्या प्रयोगात चाळीसच्या चाळीस मुलांनी लिहिलं होतं, "उदबत्ती भडकन पेटते व बाईंना शिंक येते." कोणत्या बाई, मी विचारलं. कोणालाच ठाऊक नव्हतं. मी कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या. अकरा वर्षं मागे गेलो, प्रत्येक वहीत बाईंना शिंक येत होती. त्या बाई आता निवृत्त होऊन नातवंडं सांभाळतात, पण त्यांची शिंक अजून नोकरीत आहे. (आणि आत्या, खरं सांगू? त्या सगळ्या ढिगात खरोखर डोळ्यांनी पाहून लिहिलेलं तेवढं एकच वाक्य असावं. ज्या पोराने पहिल्यांदा लिहिलं त्याला मला एकदा भेटायचं आहे.)

म्हणून माझ्या अभ्यासक्रमाचा नियम एकच : जे झालं तेच लिहायचं. पुस्तकात काय व्हायला पाहिजे ते नाही, तुमच्यासमोर काय झालं ते. आणि खाली, ते जवळ उभं राहून ज्याने पाहिलं त्याची साक्षीदार म्हणून सही. आमच्या मुख्याध्यापिका धनलक्ष्मी मॅडम भल्या आहेत, त्यांनी चाचणीसाठी चार शनिवार दिले. पण पुढची मंजुरी संस्थेचे अध्यक्ष चनबसप्पा अण्णा यांच्या हातात होती, आणि अण्णांचं मत असं की मुलांनी खरं लिहिलं तर चुकीचं लिहितील. मंजुरी मिळाली नाही तर ते दोन तास गणिताच्या जादा वर्गाला जाणार होते. मी महिनाभर नीट झोपलो नाही. माझ्या उभ्या आयुष्यात मी स्वतःहून केलेली आणि मला मनापासून आवडलेली ही पहिलीच गोष्ट होती, आणि ती गणित खाऊन टाकणार, हे मला सोसवत नव्हतं.

पाचव्या शनिवारी अण्णा प्रयोगशाळेत आले. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट. तिथून त्यांना थेट अक्कलकोट रोडला पुतणीच्या लग्नाला जायचं होतं. घरातलं रसायन दाखवावं म्हणून मी दोन-चार पालकांनाही बोलावलं होतं. त्यात माझ्या वर्गातल्या ऋतुजाचे वडील धुळा आले. शहराच्या कडेला त्यांची पन्नासेक मेंढरं आहेत. आदल्याच दिवशी ते गावी बिरुदेवाला जाऊन आले होते आणि कमरेच्या पिशवीत भंडारा होता. बाजारची रंगीत पूड नव्हे, घरी कुटलेली अस्सल हळद. आता देवाहून आलेला माणूस मोठ्या माणसाला भंडारा लावल्याशिवाय कसा राहील? त्यांनी अण्णांच्या कपाळाला बोट टेकवलं, देवाचं नाव घेतलं आणि रीतीप्रमाणे उरलेली मूठ वर उधळली. वर पंखा चालू होता.

अण्णा खांद्यापासून पोटापर्यंत पिवळे झाले. धुळा शांतपणे म्हणाले, "देवाचा भंडारा हाय, बाधत न्हाय." भंडारा बाधला नाही हे खरंच. बाधलो मी. मंजुरी माझ्या डोळ्यांपुढून चालत निघाली, आणि मी, बी.एस्सी. बी.एड., अकरा वर्षांचा अनुभव, बेसिनवरचा साबण उचलून अण्णांच्या छातीवर चोळायला लागलो.

तुम्ही हसत असाल. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो, हे तुम्हाला निंगव्वा म्हणून माहीत आहे आणि मला रसायनशास्त्राचा शिक्षक म्हणून माहीत असायला हवं होतं. मी जितका चोळत गेलो तितके अण्णा रक्तबंबाळ दिसायला लागले. त्याच वेळी धनलक्ष्मी मॅडम चहा घेऊन आल्या आणि कप ठेवून त्यांनी आधी दार लावून घेतलं. (नंतर म्हणाल्या, मला वाटलं मंजुरी नाकारली.)

वाचवलं ऋतुजाने. ती कोपऱ्यात उभी राहून वही लिहीत होती. तिने शांतपणे वही ठेवली, आम्लाच्या पाठासाठी आणलेली चार लिंबं कापली आणि अण्णांच्या शर्टावर पिळली. लाल जाऊन पुन्हा पिवळं झालं. पांढरं नाही, पिवळंच, कारण रसायनशास्त्रालाही मर्यादा आहेत. हात पुसून तिने वहीत पुढच्या ओळी लिहिल्या, मग अण्णांनी ती वही मागितली. मी मनातल्या मनात गणिताच्या सरांना किल्ल्या देऊन टाकल्या. अण्णांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं : "भंडारा पांढऱ्या शर्टावर पडला. सरांनी साबण लावला. डाग लाल झाला. हे असं होतं ते सरांनी आम्हाला मागच्याच शनिवारी शिकवलं होतं. लिंबू पिळल्यावर डाग परत पिवळा झाला. अध्यक्ष काही बोलले नाहीत."

अण्णांनी खिशातून पेन काढलं, "साक्षीदार" असं लिहून खाली सही केली आणि म्हणाले, "यात खोटं एक अक्षर न्हाय की." मग मंजुरीच्या कागदावर त्याच पेनाने दुसरी सही. लग्नात ते लिंबाच्या लोणच्यासारखे दरवळत होते म्हणे, आणि नवऱ्यामुलाआधी यांनाच हळद लागली, असं सगळा मांडव म्हणत होता. पण चिडले नाहीत. आत्या, मी त्या दिवशी घरी येऊन पोटभर जेवलो आणि दुपारी आडवा झालो तो संध्याकाळी उठलो.

काव्याने फोनवरून तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. मामांना सांगा, गुडघ्याला तेल लावताना ट्रॅक्टरचं लावू नका.

तुमचा भाचा,
गुरु

ता. क. : वर्ग सुटल्यावर ऋतुजाने मला विचारलं, "सर, तुमची वही कुटं हाय?" म्हणून मीही वही सुरू केली आहे आणि तिच्या पहिल्या पानावर माझा पहिला प्रयोग लिहायचा आहे. त्यासाठी तुमच्या ट्रंकेतली हिरवी इरकल हवी, उंदराने कुरतडलेली. तुमचा शिवू पुढच्या आठवड्यात सोलापूरला येतो आहे, त्याच्याकडे द्यावी.

आणखी एक : उंदीर नव्हता. मी सातवीत होतो, तुमच्याकडेच राहून शिकत होतो. मामांच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीतलं आम्लाचं पाणी शाईच्या ड्रॉपरने ओढून ते किती लांब उडतं ते पाहत होतो, आणि इरकल दोरीवर वाळत होती. थेंब पडले तेव्हा काहीच दिसलं नाही. पुढच्या धुण्याला अकरा भोकं पडली. तुम्ही आधी पिंजरा आणला, मग मांजर. आज दारात बसते ती त्या मांजरीची पाचवी पिढी, आणि तिचीही नेमणूक खोट्या कारणावर झाली आहे.

शेवटचं : हे वरचं लिहून झाल्यावर मला आठवलं. त्याच आठवड्यात माझ्या खाकी चड्डीलाही पुढून तशीच भोकं पडली होती. मी ती गादीखाली लपवली होती. दुसऱ्या दिवशी ती शिवून, घडी घालून माझ्या दप्तरावर ठेवलेली होती, आणि तुम्ही चुलीकडे तोंड करून एवढंच म्हणालात, "आय्तु, बिडु," झालं ते झालं, सोड. मी सत्तावीस वर्षं समजत होतो की तुम्ही उंदराबद्दल बोलत होता. तेव्हा इरकलीबरोबर, पानाखाली साक्षीदार म्हणून करायची तुमची सहीसुद्धा पाठवा.