काठी निघाली इंग्लंडला

बँकॉक, ता. १२ मे

ती. स्व. यायआजीस,
नोपदोनचा शि. सा. न. वि. वि.

पत्र नेहमीप्रमाणे व्हॅनवाल्याबरोबर पाठवतो आहे. फोन करत नाही, कारण मागच्या खेपेला ऐकू येत नाही म्हणून तू ठेवून दिलास आणि नंतर कळलं, चांगलं ऐकू येत होतं.

पिमदावच्या आईने, बुप्पाबाईंनी, लग्नाला होकार दिला. मात्र मुलीकडच्यांना द्यायचं सिनसोत चार पाहुण्यांसमोर ताटात मांडायचं, ते एक लाख बात हवं, आणि तेही वर्षावास लागायच्या आत. नाहीतर त्यांच्या दुकानातून नळ नेणाऱ्या ठेकेदाराचा मुलगा तयार आहे. त्याच्याकडे स्वतःची पिकअप आहे. माझ्याकडे तू आहेस.

म्हणून विचारतो. आजोबांनी स्नूकरसाठी घडवलेली ती काळ्या मुठीची काठी विकू का? परदेशात अशा काठ्या जमवणारे लोक आहेत. खेळत नाहीत, नुसत्या जमवतात. कारागीर वारलेला असला तर दुप्पट देतात.

उत्तराची वाट पाहतो.
तुझा,
नोपदोन


पेचबुरी, ता. १४ मे

चि. नोपदोन यास,
तुझ्या यायचे अ. उ. आ.

सांगणार मी, लिहिणार शेजारची मालै. तिचे नारळाचे आप्पे तव्यावर आहेत, तेव्हा वाक्य मध्येच तुटलं तर आप्पा जळला असं समज.

तुझं पत्र तिने वाचलं तेव्हा गल्लीतली बरीच माणसं हजर होती. सगळ्यांचं मत पडलं की मुलगी चांगली आणि सासू जड. पिकअपबद्दल मात्र पुरुषमंडळी गप्प राहिली.

विकायचं विचारतोस ते बरं केलंस, पण तुझ्या विचारण्याला फोटो आधीच चढवल्याचा वास येतोय. सोंगक्रानच्या सणाला आलास तेव्हा काठी उन्हात आडवी, उभी, तिरकी निजवून काय चाललं होतं ते मला दिसत होतं. डोळे अजून शाबूत आहेत, अक्षरांशी तेवढी ओळख नाही.

आजोबांची विकायची रीत सोपी होती. गिऱ्हाईक काठी टेबलावर लोळवून तोंड वाकडं करायचं, आजोबा भाव सांगायचे, मी बर्फाची कॉफी पुढे करायची. दुसऱ्या घोटाला सौदा. तेव्हा अशी काठी तीनशे बातला जायची आणि आजोबा जिवंत होते. आता ते नाहीत तर लाख. हे त्यांना आधी कळतं तर त्यांनी धंद्यासाठी लवकर मरायचाही विचार केला असता, असे हिशेबी होते.

न खेळता जमवतात म्हणजे काय, हे मालैला विचारलं. ती म्हणते तिची जाऊ अशाच कढया जमवते आणि जेवायला हिच्याकडे येते.

ती काठी आजोबांच्या हातची शेवटची. कोपऱ्यात उभी असते, मी तिला पुसते, ती मला उलट बोलत नाही, म्हणून आमचं पटतं. पण काठी जपायची आणि नातू बिनलग्नाचा ठेवायचा, हे आजोबांनाही पटलं नसतं. वीक.

जेवण वेळेवर करावे, माया आहेच.
तुझी याय


बँकॉक, ता. २८ मे

ती. स्व. यायआजीस शि. सा. न.

काठी विकली! इंग्लंडातल्या क्लेगहॉर्न नावाच्या निवृत्त दंतवैद्याने पूर्ण लाखाला घेतली.

पण इथवर यायला जे झालं ते ऐक. मुठीवरची चकती गायीच्या हाडाची आहे, म्हणून मी प्रामाणिकपणे लिहिलं की हा हस्तिदंत नाही. विक्रीच्या साइटवरच्या यंत्राने फक्त हस्तिदंत एवढंच वाचलं आणि हत्ती मारल्याबद्दल माझी जाहिरात काढून टाकली. दाद मागितली तर त्याच यंत्राने सहानुभूती कळवली. मग मी नुसतं हाड लिहिलं, तर कुणाचं हाड, अशी विचारणा आली.

नंतर गिऱ्हाइकं. जो येतो तो शेवटचा भाव विचारतो, पहिला न विचारताच. जो येतो तो विचारतो, काठी सरळ आहे का.

आता विकली तर साइटची दलाली, पैसे पोचवणाऱ्याची दलाली, पौंडाचे बात करणाऱ्याची दलाली. काठी एकसंध, म्हणून पार्सल नियमाहून लांब. कुरियरच्या खिडकीवरच्या माणसाने मधोमध कापून आणायचा सल्ला दिला. शेवटी जादा पैसे मोजायचं आणि विम्यासाठी पार्सलवर किंमत पुरी लाख लिहायचं ठरवलं. सगळं वजा जाता जे उरेल त्यात मित्राचे उसने घालून ताट भरेन.

काठी नीट बांधून लगेच पाठव. दंतवैद्य फार काटेकोर आहे. फोटोत दिसते तशीच हवी, असं दोनदा लिहिलंय.

घाईत आहे, राग नसावा.
नोपदोन


पेचबुरी, ता. ३० मे

चि. नोपदोन यास अ. उ. आ.

काठी सरळ आहे का, असं विचारणाऱ्यांना उलट विचारायचं होतंस, की तुम्ही आहात का. आमच्या जुन्या स्नूकर हॉलमध्ये वाकड्या काठीने जिंकलेले पाहिलेत आणि सरळ काठीने बायकोची सोनसाखळी हरलेलेही.

काठी आजच्या व्हॅनने येते आहे. मालैच्या नवऱ्याने नळाचा निळा पाइप दिला, त्यात माझ्या जुन्या सारोंगमध्ये गुंडाळून घातली. दोन्ही तोंडांना बुचं आणि वर चिकटपट्टी, इतकी की सोडवायला दंतवैद्यच लागेल. तू उघडू नकोस, तसाच पुढे पाठव.

परक्या मुलखात एकटी निघाली, म्हणून सकाळी विहारात नेऊन आणली. आता वाटेत तिला काही होणार नाही. तिथल्या लुआंगफो भन्तेंनी तुझीही चौकशी केली. मी सांगितलं, लग्न करतोय, त्याच्यासाठीही काही करता आलं तर पाहा.

कोपरा मोकळा दिसतोय. मालैने तिथे केरसुणी उभी केली होती, मी काढायला लावली.

सुखरूप पोचल्याचे कळवावे, काठी आणि तूही.
तुझी याय


बँकॉक, ता. ६ जुलै

ती. स्व. यायआजीस शि. सा. न.

आजी, तू काय केलंस हे?

क्लेगहॉर्नने फोटो पाठवलेत. मुठीवर तीन पांढरे ठिपके, त्यावर सोन्याचा वर्ख. तो लिहितो, पांढरी आहे ती उष्ण देशातली बुरशी, आणि सोनेरी आहे तो तडा झाकायचा ओबडधोबड प्रयत्न. मी समजावलं की आमच्याकडे नवी गाडी घेतली तरी लुआंगफोंकडून असंच गंध लावून घेतात. त्याने विचारलं, हे वर्णनात का नव्हतं.

साइटने त्याचं ऐकलं. लाख परत, जायचं भाडं माझं, यायचं भाडं माझं. दलालीतला काही भाग ठेवून घेतला, मनस्तापाबद्दल. त्यांच्या. काठी परत आली तर जकातवाल्यांनी अडवली. परदेशातून महागडी वस्तू आणलीत, कर भरा. मी म्हटलं, माझ्या आजोबांची आहे, पेचबुरीची आहे. ते म्हणाले, सिद्ध करा. आजोबांना कुठून आणू? विम्यासाठी मीच लिहिलेल्या लाखावर कर भरला. उसने आणलेले त्यात गेले.

पाइप याच व्हॅनने परत पाठवतो. माझ्याच्याने बघवत नाही. वर्षावासाला दोन आठवडे उरलेत. पिमदाव नुसती नखं खाते. तू राचबुरीला जाऊन बुप्पाबाईंना सांगशील का, की सिनसोत जमत नाही? माझं तोंड नाही.

तुझा,
नोपदोन


पेचबुरी, ता. १२ जुलै

चि. नोपदोन यास अ. उ. आ.

बुरशी म्हणणाऱ्याच्या दातांना देव सांभाळो. चुकलं ते माझं, पण काठी दोनदा समुद्र ओलांडून ओरखडा न पडता आली, हे लुआंगफोंचं. तुझ्या विम्याने काय केलं?

काल मालैला घेऊन राचबुरीला गेले. पाइपही बरोबर घेतला. म्हटलं, पोराने काहीच प्रयत्न केला नाही असं बाईला वाटू नये.

बुप्पा गल्ल्यावर बसली होती. तिने आधी पाइपची जाडी बोटांनी मोजली आणि हा आमच्याकडे स्वस्त मिळाला असता म्हणाली. मग चष्मा लावून वरचे कागद वाचू लागली. ते तर तू भिंतीला पोस्टर लावावीत तसे चिकटवलेले. इंग्लंडचा शिक्का, जकातीचा शिक्का, लाखाचा आकडा, कर भरल्याची पावती. बाई वाचत गेली तशी उभी राहिली. मला खुर्ची दिली. कॉफी मागवली.

मी स्पष्ट सांगितलं की ही कुणी घेतली नाही, परत आली. ती म्हणाली, एवढी मोलाची वस्तू परत मिळवली हे बरं केलंत. मी पुन्हा सांगितलं की पोराकडे पैसे नाहीत, ही काठीच काय ती आहे. ती म्हणाली, माणूस खोटं बोलेल, पण सरकार ज्यावर कर घेतं ते खोटं नसतं, तीस वर्षं दुकान चालवते आहे मी. दोनदा खरं सांगितलं, नोपदोन. तिसऱ्यांदा सांगणं म्हणजे हट्ट झाला असता.

मग उघडली. ठिपके आणि वर्ख पाहून तिने हात जोडले. कोणत्या लुआंगफोंचे ते विचारलं. नाव ऐकल्यावर म्हणाली, ताटात हीच मांडू. पाइपसकट, म्हणजे पाहुण्यांना पावती वाचता येईल.

दलाली नाही, भाडं नाही, पौंड नाहीत. पुऱ्या लाखाला गेली, तीही दुसऱ्या घोटाला. सतरा तारखेला लग्न. केस कापून ये.

सर्वांना सांगणे, मालैचेही आशीर्वाद घेणे.
तुझी याय


बँकॉक, ता. १८ ऑगस्ट

ती. स्व. यायआजीस आम्हा दोघांचा शि. सा. न.

आम्ही मजेत आहोत. पिमदावची नखं वाढली.

एक पेच आहे. रीतीप्रमाणे सिनसोत नवराबायकोला परत देतात, म्हणून आम्ही वाट पाहत होतो. पण सासूबाईंनी काठी ठेवून घेतली आणि काल मला बोलावून साइटवर फोटो कसे चढवायचे ते विचारलं. लाखाच्या खाली एक बात घेणार नाहीत. वर्णनात हस्तिदंत नाही असं ठळक लिहायचं म्हणतात, म्हणजे लोकांना विश्वास वाटेल. पिमदाव म्हणते, आईला आधीच सगळं सांगून टाकावं. काय करू?

तुझ्या शब्दाबाहेर नाही.
नोपदोन


पेचबुरी, ता. २० ऑगस्ट

चि. नोपदोन व चि. सौ. पिमदाव यांस अ. उ. आ.

फोटो चढवून दे. उजेड चांगला घे. ती सांगेल तसं ठळक लिही आणि पुढचं तिचं तिला करू दे. जाणत्या बाईला शिकवायला जाऊ नये, तिचा अपमान होतो.

काठीचं मला विचारशील, तर मी तिला एकदा निरोप दिला आहे. तिलाच गाडीवर सोडायला दरवेळी कोण जातं? कोपऱ्यात आता मालैचा आप्प्यांचा जादा तवा आहे. तोही उलट बोलत नाही.

मात्र पिमदावला समजव. आई यंत्राशी भांडत बसेल, शेवटचा भाव विचारणाऱ्यांना उत्तरं देईल, कुरियरच्या खिडकीवर लांबी मोजून घेईल. वर्ष असंच जाईल. अर्ज भरण्यात गुंतलेल्या सासूला जावयाची खोड काढायला सवड मिळत नाही. लाख बातांत असा संसार स्वस्तच पडला.

लोभ वाढवावा, माहिती वाढवू नये.
तुझी याय