दहावी ओळ

५ जून १९७२, बुलढाणा
आज नोकरीवर रुजू झाले. हे जाऊन दोन वर्षं झाली. दुसरबीडच्या घरात मन लागेना. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत अक्षरं शिकले, आणि आता कचेरीत खिडकीजवळची खुर्ची मिळाली!

खेड्यांतून कुटुंबांचे फॉर्म येतात. प्रत्येक उत्तराचा आकडा चौकटीत लिहायचा. मुंबईत त्यावरून कार्डांना भोकं पाडतात, ती कॉम्प्युटर वाचतो आणि छापील यादी परत येते. सातवी चौकट बायकांची : नवरा असेल तर १, विधवा ३. शालिग्रामसाहेबांनी बजावलं, मशीनला मोकळी चौकट चालत नाही.

शेजारच्या खुर्चीवरच्या जनकाबाई हसून सांगत होत्या, "मागच्या यादीत मशीननं मले पाच वर्षांची केलं. आमचे हे म्हनत, चाल, तुले शाळेत टाकतो!"

माझाही फॉर्म भरला. क्रमांक ४०६. सातव्या चौकटीत ३ लिहिताना हात थोडा थांबला.

१४ जून
पिंपळगाव राजाचा गठ्ठा. बारा बायांच्या फॉर्मांत नवऱ्याचं नाव कोरं. नाव नाही म्हणजे नवरा नाही, असं धरून ३ लिहिलं. काम लवकर आटोपलं. साहेब खूश.

१२ जुलै
परवा यादी आली. आज पिंपळगावची झुंबरबाई कचेरीत आली. बारांपैकी एक. परवाच संध्याकाळी तिचा धडधाकट नवरा जेवता जेवता गेला. तलाठ्यानं सांगितलं, यादीत ती त्याच सकाळी विधवा छापून आली होती. मी विचारलं, नाव कोरं का ठेवलं?

"मालकाचं नाव तोंडानं कसं घेऊ वं माय? तुमी घेत होत्या का?"

नव्हते घेत. एकदाही नाही. मला कळायला हवं होतं.

१५ जुलै
बारांतला दुसरा गेला. साहेब म्हणतात योगायोग.

१७ जुलै
दुरुस्तीचा कागद महिन्याला एकच मिळतो. दहा ओळींचा. दहा बाया उरल्या आहेत. नऊ क्रमांक लिहिले. दहावी कोकिळा, वय बावीस, दोन लेकरं.

तिच्या ओळीवर मी ४०६ लिहिलं. सातवी चौकट : १.

टपाल गेलं.

१८ जुलै
टपाल परत मागवता येत नाही. दोनदा विचारलं.

२ ऑगस्ट
नवी यादी. नऊ जणी सुधारल्या. मी — १. कोकिळा — ३.

३ ऑगस्ट
निरोप आला. कोकिळेचा नवरा विहिरीत पडला. काढला तेव्हा —
जनकाबाईंनी विचारलं, कोकिळा कोन वं, तुमच्या वळखीची? मी पुढचा गठ्ठा सोडायला घेतला. मी —

४ ऑगस्ट, दुपार
कामावर गेले नाही. दारात खोकला. यांचाच.

हे मला कधी नावानं हाक मारत नसत. "ऐकलं का" म्हणत. आता म्हणतायत — चार, शून्य, सहा. तोच आवाज. पुन्हा. चार, शून्य —

कडी उघडायची नाही.

यांच्या मागे आणखी कुणी आहे. उंबऱ्याखालून पाणी आत येतंय. तो रागावत नाही. फक्त विचारतोय, बाई, माझी ओळ कोनाले —