लेक-जावयाच्या व्हिसाची फाईल

९ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
रोशनीचं रिसेप्शन पार पडलं. बुधवारी कोर्टात सह्या, काल लॉनवर पाचशे पान जेवलं. जावई ओवेन, न्यूझीलंडचा. काम: लाकडी बोटी बांधणे. त्याचा टुरिस्ट व्हिसा २८ मार्चला संपतो. त्याआधी दोघांनी राहायचं कुठं हे ठरवून कागद करायचे आहेत.
प्रताप नगर चौकातल्या व्हिसा एजंट अमोलने आहेराच्या पाकिटात स्वतःचं कार्ड टाकलं होतं. हसू आलं. कोराडीच्या पॉवर स्टेशनात तीस वर्षं फाईली हलवून रिटायर झालेल्या माणसाला एजंट? सगळं मीच करणार. टार्गेट १५ मार्च.

१२ फेब्रुवारी
रजिस्टर आणलं. पर्याय मांडले.
पर्याय एक: ओवेननं इथे राहणं. नवरा म्हणून व्हिसा मिळतो, दोनेक वर्षांनी ओसीआय कार्डाचा अर्ज, म्हणजे कायम राहायची सोय. वरची खोली रिकामीच आहे.
पर्याय दोन: रोशनीनं तिकडे जाणं. पार्टनर व्हिसा. लांब आहे.
पर्याय तीन: दोघांनी तिसरीकडेच राहणं.
मी पूर्ण तटस्थ आहे. पर्याय एकला बारा पानं झाली, दोनला अर्धं.

१६ फेब्रुवारी
ओवेनला आधी फुटाळा तलाव दाखवला, मग अंबाझरी. इथे बोटींना गिऱ्हाईक आहे हे समजावून सांगितलं. पोरगा नम्र आहे, मान हलवत होता. घरी आल्यावर आमची सौ. सुभद्रा म्हणाली, काहून त्या पोराले तलाव दाखवून राहिले जी, त्याले समुद्र लागते. तिला मार्केट कळत नाही.
पर्याय तीनमध्ये भोपाळ लिहिलं. तिथला तलाव मोठा आहे.

२० फेब्रुवारी
वरच्या खोलीत नवा कूलर बसवला. सगळ्यात मोठा. तटस्थतेशी याचा काही संबंध नाही, उन्हाळा सगळ्यांनाच येतो.

२ मार्च
रोशनीने जेवताना सांगितलं, बाबा, आमचं ठरलं हाय, आमी तिकडं राहतो, आता पर्याय दोनचीच फाईल करा, नाही तं अमोलदादाले देते. मी म्हटलं, फाईल मीच करणार.
नाराज वगैरे अजिबात नाही. वरण खारट होतं म्हणून उठलो. कूलर दुकानदार परत घेत नाही म्हणे.

१० मार्च
न्यूझीलंडच्या व्हिसावाल्यांच्या यादीत नात्याचा पुरावा मागितला आहे. फोटो, पत्रं, एकत्र राहिल्याचे कागद. फोटोंचं काम सगळ्यात सोपं. फोटोग्राफर दुर्गेशच्या अल्बममधून चाळीस निवडले. सगळे स्टेजवरचे, क्लिअर, लायटिंग उत्तम.
रोशनीने मोबाईलमधले दिले होते. रामटेकला दोघं बोरं खात आहेत. ओवेन कणीक मळतो आहे, नाकाला पीठ, आणि रोशनी हसते आहे. सरकारी अधिकाऱ्यासमोर असलं ठेवायचं? रिजेक्ट केले.
ओळखीच्या माणसाचं पत्रही हवं होतं. ते मी सहा पानी लिहिलं. पैकी साडेचार पानं माझ्या नोकरीवर गेली, पण त्यानं वजन येतं.

१५ मार्च
टार्गेट पुढे ढकललं. पानांना नंबर टाकणं बाकी.

२८ मार्च
फाईल काल अपलोड केली. आज ओवेन गेला. विमानतळावर त्याला सांगितलं, पंधरा दिवसांत रोशनी तुझ्याकडे. माझा अनुभव बोलतो.

२४ एप्रिल, दुपारी २.४०
चव्वेचाळीस डिग्री. उत्तर नाही. तिकडे रात्रीचं जेवण होतं त्या वेळेला रोशनी ताट घेऊन वरच्या खोलीत जाते, मोबाईल समोर ठेवते आणि त्याच्यासोबत जेवते. ताट अर्धं परत येतं. सुभद्रा म्हणाली, पोरगी वाळून राहिली. मी म्हटलं, ऊन आहे.
कूलर मात्र मस्त चालतो.

७ मे
पत्र आलं. लिहिलंय की सोबतच्या फोटोंवरून अर्जदार आणि तिच्या पतीचं नातं स्पष्ट होत नाही. शिवाय चाळीसही फोटोंत दोघांच्या मधोमध उभे असलेले वयस्क गृहस्थ कोण आहेत, आणि त्यांचा या अर्जाशी काय संबंध? उत्तर दोन आठवड्यांत द्यायचं आहे.
वयस्क! खुलासा लिहायला घेतला. तीन पानं झाली.

८ मे
खात्री करायला अल्बम उघडला. चाळीसपैकी चाळीस. दुर्गेशला फोन करून चांगला झापला. तो म्हणे, काका, तुमीच तं म्हणलं होतं, इकडून लेक, इकडून जावई, मधात मी. सात ते अकरा तुमी स्टेजवरून उतरलेच नाही जी. मी दोनदा म्हणलं, आता जोडीचा घेऊ, तं तुमी म्हणे थांब, कामठीचे पाहुणे येऊन राहिले.
कामठीचे पाहुणे खरंच येत होते.

९ मे
रोशनी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, बाबा, मी जाऊ नये असं तुमाले वाटते, मले माहीत हाय. मंग तोंडानं म्हणा ना. फाईलीतून काहून म्हणून राहिले?
तीस वर्षांत माझ्या एकाही फाईलीवर असा शेरा आला नव्हता. सांगायचं पुष्कळ होतं. तू गेलीस की घर खायला उठेल, हे सांगायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, की वरच्या खोलीत नवा कूलर आहे.
ती माझ्याजवळ बसून रडली. मग मीही रडलो. सुभद्राने दोघांना पन्हं आणून दिलं.

१० मे
रोशनीने अमोलच्या ऑफिसात बसून दीड तासात बोरं आणि कणीक पाठवली. माझा खुलासा अमोलने वाचला आणि घडी करून मला परत दिला.

५ जून
व्हिसा आला. पोरगी वरून धावत खाली आली, चप्पल एकाच पायात. आनंद झाला. दुपारी जेवलो नाही. ऊन आहे.

१९ जून, सकाळी ११
गेली. ओवेन घ्यायला आला होता. विमानतळावर सुभद्राने मोबाईल काढला, तसा मी सवयीने जाऊन मधात उभा राहिलो. मग आपणच बाजूला झालो, तिच्या हातातून मोबाईल घेतला आणि दोघांचा फोटो काढला. चांगला आला.

२३ जून
पर्याय चार सुचला: आईबापाने भेटायला जाणं. व्हिजिटर व्हिसा. अमोलकडे गेलो, फाईल त्यालाच करू दिली. तो म्हणे, काका, सहा महिन्यांतला तुमचा एकट्याचा फोटो द्या.
घरी येऊन कपाट, ट्रंक, मोबाईल, सगळं पालथं घातलं. एकट्याचा एकही नाही. अमोलला फोन केला. म्हणे, टेन्शन नका घेऊ, रिसेप्शनचा द्या, दोन्ही बाजूचे कापून टाकतो.
कापू नको म्हटलं. उद्या दुर्गेशच्या स्टुडिओत एकटा जाऊन बसतो.