सहा कम्प्युटर, एक पासवर्ड

१ सप्टेंबर २००३, सोमवार
मालक जाऊन सव्वा महिना झाला. आज त्यांचा नेट कॅफे उघडला. रडू आलं न्हाई. धूळ लई होती.
दीर विश्वेश्वर म्हणाले, वहिनी, दसऱ्यापर्यंत बघू. जमलं तर खुर्ची तुमची. न्हाईतर आमची सून प्रणिता बसंल, तिनं कोर्स केलाय. मी म्हणाले, मी चौथी शिकले, पण बटणं मला बी दिसतात.

३ सप्टेंबर
बीडहून कम्प्युटरवाला परमेश्वर आला. माझ्या टेबलावरचा कम्प्युटर म्हणजे सर्व्हर. बाकी सहांत त्यानं एजंट नावाचा बारका प्रोग्राम टाकला. कोण कुठं, कधी बसलं ते एजंट सर्व्हरला कळवतो. स्क्रीनवर सहा हिरवे ठिपके.
पासवर्ड काय ठेवू, त्यानं विचारलं. मालकांचं नाव ठेव, मी म्हणाले. नाव सांगा म्हणाला. नवऱ्याचं नाव मी कशी घेणार? बाहेर पाटीवर हाय, वाच म्हणाले.
पक्का पासवर्ड. माझ्या तोंडून कुणाला कळायचा न्हाई.

८ सप्टेंबर
कॉलेजच्या पोरांना पासवर्ड कळला. पाटी वाचून.
परमेश्वरला फोन लावला. म्हणाला, नाव चालत न्हाई, आठ अक्षरं पाहिजेत, त्यात आकडे. आन्‌ सर्व्हरवर बदलला की सहाच्या सहा एजंटांत नवीन टाका. हे आधी का सांगितलं न्हाई म्हणून मी त्याला झापला.

९ सप्टेंबर, सकाळी ११
सर्व्हरचा पासवर्ड बदलला. एजंटांचं उद्या. सहा ठिकाणी वाकायचं, गुडघे दुखतात.
दुपारी २
ठिपके गेले. स्क्रीन मोकळी. कटकट न्हाई. पासवर्ड दमदार निघाला.

१५ सप्टेंबर
कॅफे भरलेला. स्क्रीनवर एक बी तक्रार न्हाई. असा कारभार मालकांना बी जमला नव्हता.
दुपारी जेवणाचा डबा उघडला का न्हाई, आठवत न्हाई.

२२ सप्टेंबर
पासवर्ड आणखी सुधारला. बारा अक्षरं. एवढा बँकेत बी नसंल. एजंटांचं उद्या नक्की.

२६ सप्टेंबर
पोलीस ठाण्याचे जमादार सुंदरराव आले. चार नंबरवरून मंगळवारी कुणीतरी एका साहेबाला शिव्यांचा ईमेल धाडला म्हणे. कोण बसलं होतं? मी स्क्रीन दाखवली. नऊ तारखेपासून कोरी.
ते म्हणाले, बाई, पंधरा दिवसांत एक बी माणूस आला न्हाई? मी म्हणाले, स्क्रीन खोटं बोलत न्हाई. ते म्हणाले, अवो, परवा मीच दोन तास पत्ते खेळत बसलो व्हतो, तुमीच च्या पाजला.
त्यांना म्हणाले, तुमचा ठिपका आला न्हाई.

२७ सप्टेंबर
दीर आले. जमादारानं सगळं सांगितलेलं. आवाज चढवला न्हाई. वहिनी, दसऱ्याची वाट कशाला बघायची, एवढंच म्हणाले.
मी म्हणाले, पासवर्ड बघा की माझा, बारा अक्षरं. त्यांनी चाव्या मागितल्या. दिल्या.

२९ सप्टेंबर, सोमवार
खुर्चीवर प्रणिता. पासवर्ड विचारला, सांगितला. प्रत्येक कम्प्युटरपाशी वाकून एजंटात टाकून आली. अर्ध्या तासात सहा ठिपके. तेवढंच राहिलं होतं. बाकी समदं माझंच.
देखरेखीला माझ्यासारखं माणूस लागतं म्हणून स्टूल घेऊन शेजारी बसले. ती म्हणाली, काकू, जरा सरकता का, गिऱ्हाइकाला वाट न्हाई.
सरकले. तिथं पंख्याचं वारं येत न्हाई.