बांधावर गुंडो मोरे होता

मी, पद्मावतीबाई, पती कै. हवालदार श्रीधरराव साळुंके, वय चौऱ्याहत्तर, राहणार बेंगळूर, बसवनगुडीच्या मागच्या अंगाला, स्वतःच्या घरात, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. शिक्षण बेळगावाकडच्या खेड्यात मराठी तिसरीपर्यंत. अक्षर वाईट आहे, डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टर निवेदिता यांचा दाखला मागे जोडला आहे, कारण माझ्या मुलाने शेवटच्या वर्षी बापाला भ्रमिष्ट ठरवलं, तो मलाही ठरवील.

वादिराज वकील म्हणाले, "स्वखुशीने लिहिते असं घाला." खुशी कसली? मी रागाने लिहिते आहे. विचारलं, राग चालतो का. म्हणाले, राग चालतो, दबाव चालत नाही. माझ्यावर दबाव टाकायची कोणाची टाप नाही. वकिलांना हे कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत हवं होतं. ते माझ्यामागे करून घ्या. मला वाचता येत नाही त्यावर मी सही करणार नाही. याआधीचा माझ्या सहीचा कुठला कागद मुलाच्या कपाटात निघाला तर तो रद्द.

१. वाटणीच्या आधी कारण लिहिते, नाहीतर म्हातारी लहरी होती म्हणून सोडून द्याल.

डिसेंबर एकाहत्तरच्या लढाईत आमचे हे पश्चिमेच्या सरहद्दीवर एका कालव्याच्या बांधावर होते. पलटणीत बाकी सगळे सातारा-कोल्हापूरकडचे. बेंगळूरचे दोघेच, हे आणि गुंडो मोरे. दोघांच्या मराठीत कन्नड शब्द येत, म्हणून बाकीचे हसत. सकाळी धुकं होतं. मागे या म्हणून हुकूम आला. यांच्या मांडीत गोळी लागलेली, हे बांधाच्या आडोशाला पडले होते. पलटणीचे तरुण लेफ्टनंट साहेब पुढेच राहिले, डोळ्यांत रक्त, काही दिसत नाही. गुंडो परत पुढे गेला. साहेबांना पाठीवर घेऊन आला. वाटभर साहेब ओरडत होते आणि गुंडो म्हणत होता, "स्वल्प तडी सार, स्वल्प तडी." थोडं थांबा, एवढाच त्याचा अर्थ. साहेबांना यांच्याजवळ टेकवलं, यांची पाण्याची बाटली घेतली आणि आणखी एक जण पुढे होता त्याला आणायला गेला. तिथे तोफगोळा पडला.

स्ट्रेचरवाले आले तेव्हा साहेबांचं डोकं यांच्या मांडीवर. साहेबांनी दवाखान्यात सांगितलं, मला उचलून आणणारा माणूस कन्नड बोलत होता. कन्नड बोलणारा शेजारच्या खाटेवर एकच. विचारलं, "तूच ना?" हे गप्प राहिले. त्या गप्प राहण्यावर शौर्याचं पदक बसलं.

२. गुंडो मेला नव्हता. त्याला दुसऱ्याच पलटणीच्या गाडीने दुसऱ्याच दवाखान्यात नेलं. कानाने ठार बहिरा, स्वतःचं नाव सांगता येईना. एकोणिसाव्या दिवशी तो आपल्या पलटणीत परतला, हातात एक चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव नाही, "अनोळखी जवान, ऐकू येत नाही" एवढंच. वरच्यांना वाटलं पळाला होता. चौकशी झाली. यांना लेखी विचारलं, त्या सकाळी गुंडो मोरे बांधावर होता का. यांनी लिहून दिलं, "दिसला नाही."

दोन शब्द. त्या दोन शब्दांनी गुंडोच्या सेवापुस्तकात लाल शाईची ओळ आली, एकोणीस दिवस विनापरवानगी गैरहजर. बाहीवरची नाईकपदाची फीत गेली. पेन्शनीला बसायच्या आत घरी पाठवला, वर्तणूक "साधारण" लिहून. ते पुस्तक बघून त्याला कोणी वॉचमनसुद्धा ठेवला नाही. चिकपेटेत कापडाचे गठ्ठे ओढत मेला, अठ्ठ्याण्णव साली.

३. आता माझं. स्वतःला सोडणार नाही.

माझ्या बापाने पदक बघून मुलगी दिली. पदक आधी, नवरा नंतर. ते पदक मी बैठकीत यांच्या फोटोखाली लावलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं. चौऱ्याऐंशीच्या संक्रांतीला हळदीकुंकवाला गुंडोची बायको रत्नाबाई आली होती. चाळीस बायका बसलेल्या. तिने पदकाकडे बघितलं आणि सरळ म्हणाली, "हे माझ्या नवऱ्याच्या पाठीवरून आलंय." मी तिच्या ओटीत घातलेला नारळ सगळ्यांसमोर काढून घेतला. म्हटलं, "पळपुट्याच्या बायकोने माझ्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही." ती रडली नाही, भांडलीही नाही. पदर झटकला आणि गेली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. तेही लिहून ठेवते.

४. दोन हजार सतरा साली आमच्या क्रॉसला, म्हणजे घरासमोरच्या रस्त्याला, यांचं नाव दिलं. कोपऱ्यावर बोर्ड, बोर्डावर यांचं रंगवलेलं चित्र, मिशा होत्या त्याच्या दुप्पट. सगळी खटपट पवनकुमारची, म्हणजे माझ्या मुलाची. पुढाऱ्याने भाषण केलं, यांच्या डोक्यावर मैसूर पेटा घातला. घरी आल्यावर हे पेटा न काढताच खुर्चीत बसले. मी उप्पिट्टू पुढे ठेवलं, तर म्हणाले, "पद्मा, हे सगळं गुंडोचं आहे." आणि वर लिहिलंय ते सगळं सांगितलं.

मी विचारलं, "सेहेचाळीस वर्षं काय करत होता?"

म्हणाले, "गुंडो होता म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, साहेबांना कोणी आणलं."

"मग आला असता! उत्तर माहीत नव्हतं?"

मी कागद आणि पेन पुढे टाकलं आणि म्हटलं, लिहून झाल्याशिवाय या घरात जेवण नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी लिहिलं. चार ओळी आणि सही. तो कागद मागे जोडला आहे. दोन वर्षांनी हे गेले. माझा यांच्यावर राग आहे आणि राहील. मी कुंकू लावत होते तेव्हाही होता.

पवनकुमारने कागद वाचला आणि म्हणाला, "अम्मा, डायलिसिसने अप्पांच्या डोक्यावर परिणाम झालाय. बोर्ड लागलाय, लोक हात जोडतात. आता तुला यात काय मिळणार?" मी म्हटलं, "तुला काय जाणार ते सांग." तेव्हा खरं बोलला. ही साइट, म्हणजे घराखालची जागा, सरकारने पदकामुळे दिलेली. पदक गेलं तर साइट जाईल.

५. मी माझी नात विद्याश्री हिला घेऊन रेकॉर्ड ऑफिसला दोनदा गेले. कारकून पोरगा चांगला होता. म्हणाला, "आजी, पदक मिळालं नाही म्हणून रोज दहा जण येतात. परत घ्या म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"मग पहिला नंबर लाव माझा."

"त्याला फॉर्मच नाही हो. नाव घालायचा आहे, काढायचा नाही."

"आणि त्या माणसाची लाल ओळ खोडायचा?"

"तो अर्ज त्याने करायचा."

"तो मेलाय."

"मग त्याच्या वारसाने. साक्षीदार लागेल, त्या दिवशी तिथे असलेला."

"साक्षीदारही मेलाय. त्याच्या हातचा कागद आणलाय, बघ."

त्याने वरच्या साहेबांना नेऊन दाखवला. साहेब म्हणाले, पाठवा, बघू. तेव्हापासून तीन पत्रं आली. तिन्हींत लिहिलंय की विषय पन्नास वर्षांपूर्वीचा असून बंद आहे. बंद कोणाचा? माझा चालू आहे.

६. गेल्या महिन्यात मी चिकपेटेच्या मागच्या गल्लीत रत्नाबाईकडे गेले. एक खोली आहे. साड्यांच्या पदरांना गोंडे बांधते, इथे कुच्चू म्हणतात. वय अठ्ठ्याहत्तर. सुईत दोरा अजून स्वतः ओवते. मला बघून म्हणाली, "काय पद्माक्का, नारळ परत द्यायला आलात होय?"

मी यांचा कागद वाचून दाखवला. ती गोंडे बांधत ऐकत राहिली. मग म्हणाली, "हे मला माहीत होतं. तुम्हाला आता कळलं, त्यात माझं काय बाई?"

मी पदक तिच्यासमोर ठेवलं. तिने उचललं, कडेवरून बोट फिरवलं. "यावर नाव कोरलंय की. तुमच्या मालकांचं. परक्या पुरुषाचं नाव माझ्या घरात कशाला?"

म्हटलं, "वरच्या दोन खोल्या तुमच्या नावाने करते."

"माझं भाडं मी भरते. गुंडो बहिरा झाला होता, भिकारी नव्हता. तुमच्या खोल्या घेतल्या की लोक म्हणणार, म्हातारीने खोल्यांसाठी गोष्ट रचली. मला ती लाल ओळ गेलेली हवी. ते जमतंय का बघा. जमत नसेल तर उठा, माझ्या अजून चार साड्या राहिल्यात."

मी उठले. म्हणून या मृत्युपत्रात रत्नाबाईला काही दिलेलं नाही. विसरले म्हणून नव्हे, तिने घेतलं नाही म्हणून.

७. घर. हे घर यांच्यामागे माझ्या नावावर आहे. ते खालपासून वरपर्यंत विद्याश्रीला. पवनकुमारला त्यात वाटा नाही. त्याचा बोम्मसंद्राला कारखाना आहे, उपाशी मरणार नाही. विद्याश्रीने दर वर्षी एक अर्ज करायचा, यांचा कागद आणि हे मृत्युपत्र जोडून. ऑफिसने नाही म्हटलं तर त्याच्या वर, त्यांनी नाही म्हटलं तर कोर्टात. अर्जातलं पहिलं वाक्य मी सांगते ते घालायचं, त्या दिवशी बांधावर गुंडो मोरे होता. पुढे इंग्रजी हवं तेवढं लिही. आधी लाल ओळ, मग पदक. दोन्ही एकदम मागितलं तर दोन्ही अडवतील. सरकारने साइट परत मागितली तर, पोरी, भांडायचं नाही, किल्ली द्यायची. दुसऱ्याच्या पाठीवर पंचेचाळीस वर्षं राहिलो, पुष्कळ झालं.

८. मोहनमाळ आणि चार बांगड्या सुनेला. तिने या भांडणात तोंड उघडलं नाही. भित्री आहे म्हणून की शहाणी आहे म्हणून, ते मला बावीस वर्षांत कळलं नाही, पण बांगड्या दोघींनाही चालतील.

ग्राइंडर शेजारच्या शिवाप्पाला द्यायचा होता, पण वकील नको म्हणाले, कारण खाली लिहिलं आहे. तोही विद्याश्रीला.

पदक पुसून, डबीत घालून, विद्याश्रीने अर्जासोबत ऑफिसच्या टेबलावर ठेवायचं. पावती घ्यायची. पावती देत नसतील तर तिथेच बसायचं.

यांचा फोटो भिंतीवर राहील. मांडीत गोळी खाल्ली ती खरी आहे, ती मी कोणाला काढू देणार नाही.

क्रॉसवरचा बोर्ड पवनकुमारने लावला, पवनकुमारनेच उतरवायचा, दिवसाउजेडी, लोक बघत असताना. माझ्यामागे वर्षभरात उतरवला नाही तर त्याने माझं वर्षश्राद्ध घालू नये. त्याच्या हातचं मला नको.

९. हे मृत्युपत्र अंमलात आणायचं काम वादिराज वकिलांचं. गोड बोलून तडजोड करायची त्यांना सवय आहे. इथे करू नये.

१०. साक्षीदार. वकील म्हणाले, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याला साक्षीची सही करता येत नाही. केली तर त्याला दिलेलं जातं. म्हणून शिवाप्पाचा ग्राइंडर गेला. शिवाप्पा म्हणाला, "सरी अज्जी, सही करतो, ग्राइंडर राहू दे." दुसरा साक्षीदार कोण, म्हणून वकिलांनी आपला कारकून पुढे केला. मी म्हटलं, थांबा. ऑटो मागवली आणि चिकपेटेला निरोप दिला.

ती आली. उंबऱ्यावर क्षणभर थांबली. मी "या" म्हटलं. तिला हे सगळं पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. तिसऱ्या कलमाला मी थांबले, तर म्हणाली, "वाचा की, तिथे का थांबलात?" वाचलं. तिने एकच दुरुस्ती सांगितली. तिसऱ्या कलमातल्या बायका चाळीस नव्हत्या, साठ होत्या. ती दुरुस्ती मला मान्य आहे.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, आणि तो माझाच आहे.

बेंगळूर, दि. १८ ऑगस्ट २०२५, सकाळी अकरा

सही: पद्मावतीबाई श्रीधरराव साळुंके

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत पद्मावतीबाईंनी सही केली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत आम्ही.

साक्षीदार १: शिवाप्पा, किराणा दुकानदार, शेजारी. (सही)

साक्षीदार २: रत्नाबाई, पती कै. नाईक गुंडो मोरे, राहणार चिकपेट. (सही, कन्नडमध्ये) पतीच्या नावाआधी "नाईक" मी सांगून लिहून घेतलं आहे. मला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही.